केळापूरचा किल्ला

धाकट्या बहिणीनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि ती केळापूरला राहायला गेली. बाबांनी तिचं नाव घेणं सोडलं. मलाही तिला फोन करायला बंदी. दारव्ह्याच्या आमच्या घरात ती उरली फक्त माझ्या मोबाइलमध्ये, एका गेमपुरती.

जपानमधल्या जुन्या सरदारांच्या लढायांचा तो गेम. कॉलेजात असताना आम्ही एकाच मोबाइलवर आळीपाळीनं खेळायचो. आता ती तिकडून चाल करायची, मी इकडून. आमच्या सरदारांची युती होती. गेममध्ये बोलायची सोय नव्हती. पण सकाळी तिची चाल आलेली दिसली की मला कळायचं, बरी आहे.

यंदा पोळ्याच्या सुमारास तिची चाल आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गेम थांबत नाही, तिची पाळी ओलांडून पुढं जात राहिला. शेजारच्या सरदारानं तिच्या किल्ल्याला वेढा घातला. मी माझी सगळी फौज तिकडं वळवली. शेवटी न राहवून फोन लावला, तर तोही बंद. गॅसवर वरण करपलं, ते बाबांना आधी कळलं.

“काय झालं तुले? सारखी मोबाइलात काय पाहून राह्यली?”

मी मोबाइल त्यांच्यापुढं धरला. “हा किल्ला तिचा आहे बाबा. ती खेळूनच नाही राह्यली. फोनही बंद आहे.”

आता ओरडतील, असं वाटलं. ते त्या वेढ्याकडं बघत बसले.

“चारी बाजूनं घेरलं की तिले,” म्हणाले आणि उठून सदरा घालू लागले. “चाल. जीप भेटते अजून.”

यवतमाळपर्यंत जीप, पुढं बस. तिच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, “तिले पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेलं न.” आम्ही तसेच तिकडं निघालो.

तिला डेंग्यू झाला होता. चक्कर येऊन पडली तेव्हा फोनही फुटला होता. सलाईन चालू होतं, उशाशी तिचा नवरा बसलेला. मला बघून ती क्षीण आवाजात म्हणाली, “ताई, माझा किल्ला गेला का वं?”

“नाही. माझे दोन गेले.”

ती हसली. मग तिला माझ्यामागं दारात उभे असलेले बाबा दिसले आणि तिचं हसू थांबलं.

बाबा हळूहळू खाटेपाशी आले. “काही खाल्लं का तू?”

तिनं मान हलवली. नाही.

बाबा तिच्या नवऱ्याकडं वळले. त्याच्याशी ते पहिल्यांदाच बोलत होते. “जावईबापू, इथं पातळ खिचडी कुठं भेटते?”