एलिहियोचे ओठ

साखर कारखान्याच्या वस्तीत एलिहियो बेरोआ सहा दिवस ऊस तोडायचा आणि रविवारी बेसबॉलमध्ये बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलायचा. वस्तीतला एकही गडी आजवर उत्तरेकडच्या देशातल्या मोठ्या संघात गेला नव्हता. आज तिथला माणूस निवड करायला आला होता, आणि नेणार होता एकालाच.

दुसऱ्या बेसवरचा समोरच्या संघाचा गडी चेंडू टाकणाऱ्या फर्मीनच्या पाठीमागे बेस सोडून हळूच पुढे सरकला. एलिहियोनं ओठांचा चंबू केला आणि तिकडे वळवला. फर्मीन गर्रकन फिरला, गडी परतायच्या आत चेंडू बेसकडे सुटला. आउट!

थोड्या वेळानं पुन्हा चंबू, पुन्हा आउट. लोक नाचायला लागले. पाहुण्यानं मात्र वहीतलं एलिहियोचं नाव खोडलं.

एलिहियोचा चेहरा उतरला. शाळेच्या इसाउराबाईंना पाहुण्याची भाषा येत होती. त्या तरातरा गेल्या. "का हो साहेब, का खोडलंत?"

"खेळतो झकास. पण भर मैदानात मित्राला मुके पाठवतो!"

बाईंनी हे ओरडून सगळ्यांना सांगितलं मात्र, फर्मीन मातीत लोळायला लागला. "ह्याचे मुके? त्यापेक्षा मी बैलाचे घेईन!"

"बैल तरी घेऊ देईल का रे तुला?" एलिहियो खेकसला.

"साहेब, मुके नव्हेत ते," बाई म्हणाल्या. "तो बोट दाखवतोय."

"बोट? कुठंय बोट?"

"ओठात! खोटं वाटतंय? मग सांगा, तुमची टोपी कुठंय?"

पाहुण्यानं डोकं चाचपलं. टोपी नव्हती. त्यानं गोंधळून लोकांकडे पाहिलं, तर शंभरेक तोंडांचे चंबू एकाच वेळी डावीकडे वळले. तिकडे एक बकरी टोपीची कड निवांत चघळत होती.

बकरीमागे मैदानाला दोन फेऱ्या मारून, धापा टाकत पाहुण्यानं एलिहियोचं नाव पुन्हा लिहिलं. मोठ्या अक्षरात.

वस्तीतला तो पहिला गडी उत्तरेला चार वर्षं खेळला. तिथे झेलणाऱ्याच्या तोंडावर जाळी. एलिहियो ती वर करून चंबू करी, आणि तिथला चेंडू टाकणारा गोरा पिचर लाजून लालबुंद बीट होई. तो गेल्यावर दोन महिन्यांनी त्याचं पहिलं पत्र आलं. बाईंनी ते एलिहियोच्या आईला वाचून दाखवलं: 'आई, काल तिघांना टिपलं. पिचर आता लाजत नाही. जेवताना मीठ कुठंय विचारलं, तर त्यानं ओठांनीच दाखवलं.'

"मीठ मागतोय?" आई म्हणाली. "म्हणजे जेवण अळणी असणार मेल्यांचं!"