चहाआधीची गोळी

किस्से शोधायला डॉक्टरला कुठे जावं लागत नाही. ते आपल्या पायांनी दवाखान्यात येतात, आणि थायरॉइडचे तर अख्खं घर सोबत घेऊन येतात. रायपूरला छत्तीसगडची राजधानी नवी होती, तेलीबांध्याचा माझा दवाखानाही नवाच होता, तेव्हाचं हे शहरातल्याच गुढियारी भागातलं एक घर. बाळंतीण वर्षा, तिचा नवरा, सासू आणि रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड सासरे.

*

पहिल्याच भेटीत सासूबाईंनी पिशवीतून स्टीलची डबी काढली. आत वर्षाचं दूध!

"डॉक्टरबाई, थायरॉइडची गोळी याच्यात उतरली का, तेवढं पाहून द्या."

मी सांगितलं, उतरते ती अगदी नावाला, बाळाला त्याचा त्रास नाही. गोळी बंद केली तर मात्र आई थकते, दूधही कमी होऊ शकतं.

"ऑटोत किती सांभाळून आणली मी," डबी परत ठेवत त्या म्हणाल्या.

*

नवऱ्याला मराठी कळायचं, पण उत्तर हिंदीत. "मैडम, डब्बे का दूध शुरू कर दें? सेफ रहेगा."

मी म्हटलं, गोळी सेफच आहे, आईचंच दूध चालू ठेवा.

"वो तो ठीक है मैडम, पर मैं दो डब्बे ले आया हूँ."

*

वर्षा थायरॉइड, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकदम गिळायची. "एकदाचं काम निपटून जाते," म्हणाली. मी समजावलं, थायरॉइडची उपाशीपोटी, चहा तासाभराने, आणि लोह-कॅल्शियम चार तासांनी.

सासूबाईंना वेगळीच काळजी. "मंग डिंकाचा लाडू कवा खाईन हे?"

*

पुढच्या तपासणीत थायरॉइडचा आकडा भलताच वाढलेला, म्हणजे गोळी लागूच पडत नव्हती. दूध कमी झालेलं, वर्षा बसल्याबसल्या पेंगत होती. सासूबाई म्हणाल्या, "पाहा, गोळीनंच दूध आटून राहिलं."

मला राग आला. सगळ्यांना बाहेर बसवलं आणि वर्षाला विचारलं. ती रडायलाच लागली.

"गोळी मी घेतच नाही, डॉक्टर."

"काहून?"

"बाबा सकाळी सगळ्यांचा चहा करतात. माझा कप पलंगापाशी आणून देतात, मी पिईपर्यंत उभे राहतात. माहेरी मले कोणी असा चहा नाही दिला. त्यांले थांबा कसं म्हणू? अन् चहा झाला की गोळी राहूनच जाते."

सासऱ्यांना आत बोलावून सगळं सांगितलं. ते खाली मान घालून ऐकत राहिले, "हव" म्हणाले आणि गेले.

*

त्यानंतरच्या तपासणीत आकडा खाली आला. दूध वाढलं होतं, बाळाने अंग धरलं होतं. तक्रार फक्त सासूबाईंची.

"हे आता तिच्यापाशी गोळी अन् पाणी ठेवतेत, अन् तासभर घरात कोणालेच चहा नाही. सोता पण नाही पीत. माझं डोकं दुखून राहिलं!"

मी सासऱ्यांना म्हटलं, "काका, थांबायचं तिने. तुम्ही तुमचा चहा घेऊ शकता ना."

"मी गार्ड होतो, मॅडम," ते म्हणाले. "गाडी उभी असताना गार्ड एकटा पुढे जाते का?"