वन्संचं खोटं जाळं

आमच्या वन्सं मुळात भित्र्या नव्हेत. इस्पितळात केसपेपरच्या खिडकीमागे त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. लग्न राहून गेलं ते गेलंच. त्यावरून कुणी हळहळलं तर म्हणायच्या, "अख्खं गाव रांग लावून मला आपलं नाव-वय सांगतं, एकट्या नवऱ्याचं काय घेऊन बसलात?"

मग त्या खिडकीच्या जागी यंत्र आलं आणि लोक बोट लावून आपापला कागद काढू लागले. कॉम्प्युटरच्या खोलीतले साहेब माणूस म्हणून चांगले. ते म्हणाले, "बाई, नेटवर्कचं काम शिका. परीक्षा पास झालात तर माझ्याकडे घेतो. नाही तर माझ्याही हातात काही नाही." तेव्हापासून वन्सं ताटावर बसल्या की घास हातात तसाच धरून ठेवायच्या.

शिकायला एक सॉफ्टवेअर असतं, त्याला सिम्युलेटर म्हणतात. पडद्यावर खोटी यंत्रं मांडायची, खोट्या तारांनी जोडून जाळं विणायचं, त्यातली वाटेल ती वाट बंद करायची, परत उघडायची. कुणाचं काही बिघडत नाही. भातुकलीच म्हणा ना. आमच्या घरचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत माझा जप आटोपतो, म्हणून इस्पितळातल्या कॉम्प्युटरवर चालवायला त्यांनी ते सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घातलं. लावला की चालू, काढला की मागे काही उरत नाही. पण इस्पितळात बाहेरचा पेनड्राइव्ह लावायची सक्त मनाई. जेवणाच्या सुट्टीत साहेबांची खोली रिकामी झाली की वन्सं चोरासारख्या तो लावायच्या. आणि हात बसावा म्हणून खोट्या यंत्रांना त्यांनी इस्पितळातल्या खऱ्या यंत्रांचीच नावं दिली होती. मीच म्हटलं होतं, वन्सं, किती हुशार तुम्ही!

त्या आठवड्यात सासूबाईंचा दमा बळावला. त्यांना तिथेच तिसऱ्या मजल्यावर ठेवलं होतं आणि मी उशाशी होते. दुपारी नर्सबाई इंजेक्शन भरून आल्या आणि थबकल्या. कुणाला काय दिलं, कधी दिलं, हे सगळं टेबलावरच्या पडद्यावर असतं, आणि पडदा कोरा झाला होता. अख्ख्या मजल्याचे पडदे कोरे.

"आजींना सकाळच्या नर्सने दिलंय की राहिलंय?" त्यांनी मलाच विचारलं.

मी तेव्हा कपडे धुवायला गेलेली, मला काय ठाऊक? सकाळची नर्स ड्यूटी संपवून गेली होती, फोन उचलत नव्हती.

"दोनदा गेलं तर काळजाला सोसायचं नाही," नर्सबाई पुटपुटल्या, "आणि न द्यावं तर ही धाप..."

मी देवाचं नाव घेऊ लागले. तेवढ्यात दारात वन्सं दिसल्या. आत येईनात. मला जिन्याकडे खुणावलं.

"वहिनी, हे मी केलंय."

"काय केलंत?"

"समोर दोन विंडो उघड्या होत्या. एक माझी, पेनड्राइव्हवरची. दुसरी खऱ्या जाळ्याची, सकाळी साहेबांनी मला दाखवायला उघडलेली. दोन्ही काळ्या, दोन्हीत नावं तीच. तिसऱ्या मजल्याची वाट बंद करायचा सराव करत होते. तेवढ्यात इथून फोनवर फोन सुरू झाले. मी घाबरून पेनड्राइव्ह उपटला, सगळं बंद केलं. कुठल्या विंडोत लिहिलं तेच आठवत नाही गं!"

"मग उघडा ना ती वाट परत."

"पासवर्ड साहेबांचा. आणि साहेब इथे एकेक तार तपासत बसलेत. संध्याकाळ करतील."

"मग त्यांना सांगा."

"काय सांगू? चोरून पेनड्राइव्ह लावला म्हणून? उभ्या उभ्या घरी पाठवतील. आणि मी केलंच नसेल तर? आपल्याच हाताने पायावर धोंडा?"

आतून सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा. वन्संनीही ऐकला. मी त्यांचा हात धरला. या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार, हे मला कळत होतं. माझ्या तोंडून 'जा' निघेना आणि 'नको'ही निघेना.

"आईला माझ्यामुळे काही झालं तर, वहिनी..." एवढंच म्हणून त्या वळल्या आणि तरातरा चालू लागल्या. मीही मागोमाग गेले. त्याच मजल्याच्या व्हरांड्यात साहेब खुर्चीवर चढून छतालगतची तारांची पेटी उघडत होते.

"साहेब, उतरा. तार तुटलेली नाही. मी पेनड्राइव्ह लावून सराव करत होते. बहुतेक खऱ्या विंडोत वाट बंद केली."

"बहुतेक?"

"नक्की नाही. पण आधी तेवढं बघा."

"बाई, काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय म्हणून तर सांगतेय. आधी बघा, मग काय बोलायचं ते बोला."

साहेब धावत खाली गेले. आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या. वन्संचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचा धावा चाललाय. पण त्या वाट बंद करायला लिहिलेली ओळ आठवत होत्या, पुन्हा पुन्हा तीच.

पडदे उजळले. "दिलेलं आहे!" नर्सबाई ओरडल्या. "आजींना सकाळीच दिलेलं आहे!" त्यांनी भरलेलं इंजेक्शन तबकात टाकलं. "मी देणारच होते हो आता."

म्हणजे वाट वन्संनीच बंद केली होती. साहेब वर आले आणि त्यांनी नुसता हात पुढे केला. वन्संनी पेनड्राइव्ह त्यांच्या तळहातावर ठेवला.

"उद्यापासून येऊ नका. वर कळवावं लागेल. बोलावतील तेव्हा या." ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. "कामाच्या वेळेला इथे काय उभी? साहेब बघेल ना!" दर दोन शब्दांना श्वास घेत त्यांनी लेकीला झापलं. वन्सं "हो आई" म्हणाल्या आणि पलंगाच्या कडेला बसून त्यांची छाती वरखाली होताना बघत राहिल्या.

सासूबाई आता घरी आल्या आहेत. इस्पितळातून बोलावणं मात्र अजून नाही. वन्संचा फोन वाजला की त्या तो माझ्यापुढे सरकवतात. मी उचलते, पण पलीकडून आवाज येईपर्यंत 'हॅलो' काही माझ्या तोंडून फुटत नाही.