गायीची पेंड आणि माझं प्रोटीन

आमच्या दोन्ही गायींना रोज काय लागतं, ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. अंग धरून राहायला दीड किलो पेंड, वर दुधाच्या लिटरमागे चारशे ग्रॅम, शिवाय हिरवा घास आणि मुरवलेल्या मक्याचा मुरघास. पण नगरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतः दिवसभरात काय खाता?" आणि माझी गाडी अर्ध्या भाकरीवरच अडली.

गुडघ्यांसाठी वजन उतरवा, असं त्यांनीच आधी सांगितलं होतं. मी इमानेइतबारे अर्धी भाकरी आणि काकडीवर तीन महिने काढले. अठ्ठ्याहत्तरचे एकाहत्तर झाले. मिरजगावच्या बाजारात बायका थांबवून कौतुक करायला लागल्या आणि नेमकं तेव्हाच धार काढायला गायीखाली उकिडवं बसल्यावर मला उठता येईना. गुडघ्यांची तक्रार कमी झाली होती, पण मांड्यांत जोरच नव्हता. दोनदा खुंटा धरून उठले. तिसऱ्यांदा यजमानांनी काखेत हात घालून उठवलं.

"बास झालं आता," ते म्हणाले. "दोन्ही गाया इकून टाकू. येपारी हाय माझ्या वळखीचा."

बोलणं काळजीचंच होतं, पण पंचवीस वर्षं माझा दिवस गोठ्यात सुरू होतो. गायी गेल्यावर सकाळी उठून मी करायचं काय?

म्हणून पुन्हा नगर गाठलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चरबीबरोबर स्नायूही झिजलेत. किडनीचे रिपोर्ट चांगले आहेत, तेव्हा रोज साठ-पासष्ट ग्रॅम प्रोटीन पोटात जाऊ द्या आणि हात न टेकता खुर्चीवरून उठाबशा काढा.

"यात अंगाचं किती आणि कामाचं किती?" मी विचारलं.

त्यांना कळेना. मग मी गायीच्या पेंडीचा हिशेब समजावला. त्या खो खो हसल्या.

"गाय फार जाड झाली तर काय कमी करता?"

"मुरघास, धान्याचा भरडा. पेंडीला हात लावत नाही."

"मग स्वतःची पेंड का बंद केलीत?"

मला हसू आलं आणि स्वतःचा रागही आला. एवढं साधं मला कळू नये?

त्या दिवसापासून मला नादच लागला. पेंडीच्या पोत्यावर वीस टक्के प्रोटीन छापलेलं असतं, आमटीच्या पातेल्यावर कोण छापणार? मोबाईलवर शोधलं, वाटी-वाटी मोजलं. आमची आमटी इतकी पातळ की त्यात डाळ शोधावी लागते. तिच्या भरवशावर मी निर्धास्त होते! मग वाटीभर शेंगदाणे रोज खायला लागले, तर वजन दीड किलोने चढलं. शेंगेत प्रोटीन आहे, पण तेलही आहे. भुईमूग पिकवणाऱ्या घरातल्या बाईला हे मोबाईलने सांगावं लागलं. अंड्याचा वास सोसत नाही. मटकी, हरभरे वाढवले, तरी आकडा चाळिशीच्या पुढे सरकेना.

एके सकाळी किटली डेअरीला पाठवताना लक्षात आलं, घरात फक्त चहापुरतं दूध राहतं. बाकीचं सगळं गावाला. त्या दिवसापासून मी किटली भरण्याआधी एक लिटर बाजूला काढायला लागले. तापवून, साय काढून निम्मं प्यायचं, निम्म्याचं दही. आकडा साठीच्या पुढे गेला.

"डेअरीत एक लिटर कमी भरलं. कुठली गाय आटली?" यजमानांनी विचारलं.

"एकही नाही. मी प्यायले."

माझं वजन आता हळू उतरत होतं, महिन्याला किलो, कधी तेवढंही नाही. उठाबशा मात्र पाचावरून वीसवर गेल्या.

तेवढ्यात यजमानांनी कधीचं सांगून ठेवलेला तो व्यापारी आलाच. गाय घेणारा आधी आपल्यासमोर धार काढायला लावतो, आणि आमच्या गायी माझ्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नाहीत. म्हणजे गाय विकायची तरी मीच बसायचं. मी बसले. बादली फेसाने भरली. आता उठायचं होतं. यजमान सवयीने हात पुढे करून आले.

"थांबा," मी म्हणाले. पावलं घट्ट रोवली आणि उठले. कशालाही न धरता.

व्यापारी बादलीत डोकावला. "दूध बरुबर हाय. बोला, कितीला द्यायची?"

यजमान अजून माझ्याकडेच बघत होते. "न्हाई द्यायची," ते म्हणाले.

"आं? मंग बोलावलं कशाला?"

"तवा हिला उठता येत न्हवतं."

माझ्या डोळ्यांना धार लागली. व्यापारी समोर होता, तरी मी पदर लावला नाही.