शिकाऊ हेमराज

हेमराज प्रयोगशाळेत कधी खुर्चीवर बसला नाही. हिंगण्याच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात खुर्च्यांचा काही दुष्काळ नव्हता, दुपारी निम्म्या रिकाम्याच असत. हा गडी मात्र पाळी सुटेपर्यंत उभा. "अबे, बस ना," म्हटलं की हसायचा. "बसवतील तवा बसीन गा. घाई कोनाले आहे?"

घाई मला होती. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना आम्ही दोघं सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी इथे आलो. मुदत संपताच मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो आणि नोकरी द्या, नाहीतर चाललो, असं सांगून टाकलं. मी कायम झालो. हेमराज केबिनकडे फिरकलाच नाही. त्याची मुदत वाढली, मग पुन्हा वाढली. इंटर्नशिपमध्ये खूप शिकायला मिळतं, हे आमच्या कॉलेजातल्या सरांचं म्हणणं खरंच होतं. पण शिकून झाल्यावर काय, ते सरांनी सांगितलं नव्हतं.

तो उमरेडचा, विणकरांच्या घरचा. त्यांच्याकडे पोरगं बापाच्या बाजूला उभं राहून काम शिकायचं. हात तयार झाला की बाप स्वतःच हातमागावरून उठायचा आणि म्हणायचा, बस. आपणहून विचारायची रीत नव्हती. विचारणं म्हणजे बापाला ऊठ म्हणणं. ही रीत हेमराजनं जशीच्या तशी कारखान्यात आणली होती आणि मला त्याचा भयंकर संताप यायचा.

"साहेब काय तुझा बाप आहे का बे?" एकदा मी ओरडलोच.

"तसं नाही गा. त्यायच्या ध्यानात आहे सगळं. आपला हात पाहून राहिले ते."

साहेब कशाला बघतात! कायम माणसाचं सगळं काम विद्यावेतनावर होत होतं. नवे लोक पूर्ण पगारावर यायचे, हेमराज त्यांना शिकवायचा आणि शिकले की ते त्यालाच कामं सांगायचे. "शिकवता शिकवता आपलंच पक्कं होते," म्हणायचा. फक्त एकदा, डबा खाताना, त्याचा घास थांबला. "घरी बाबा इचारते, अजून नाही झालं का? मी म्हनतो, होऊन राहिलं."

चौथ्या वर्षी एका दुपारी टाकीचा व्हॉल्व्ह फुटला. त्या पाळीचा अधिकारी रजेवर होता आणि त्याच्या जागी हेमराज उभा होता. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला.

शवागाराबाहेर त्याचे वडील भिंतीला टेकून बसले होते. कंपनीचा माणूस त्यांना हळू आवाजात समजावत होता, की हेमराज नोकरीला नव्हता, शिकायला येत होता, म्हणून कामगारांना मिळतं ते त्याला लागू होत नाही. ते भांडले नाहीत. नुसती मान हलवत राहिले. तो माणूस गेल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"बाबू, तू त्याच्यासंगच होता न गा? खरं सांग. चार वर्सं झाले, तरी त्याचं शिकनंच चालू होतं म्हनते. पोरगा कामात कच्चा होता का?"

"नाही हो काका. आमच्या सगळ्यांत पक्का तोच होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. बापाचं मन राखायला मी खोटं बोलतोय, असंच त्यांना वाटलं.