मी न केलेली तपासणी

बुऱ्हाणपूरच्या एका शाळेत मी जीवशास्त्र शिकवतो. शाळेत शिकवायचं हिंदीतून आणि घरी बोलायचं मराठीतून, पण पुरुषाच्या जननसंस्थेचा विषय आला की मी दोन्ही भाषांत मुका व्हायचो. दहावीला तो धडा आला की फळ्यावर आकृती काढायची, वृषण, शुक्रवाहिनी, प्रोस्टेट अशी नावं द्यायची, 'बाकी घर पर पढ़ लेना' म्हणायचं आणि पुढे जायचं.

माझी बायको जवळच्या जसोंडी गावची, केळीवाल्या शेतकऱ्याच्या घरची. लग्नाला तीन वर्षं झाली तरी मूल नव्हतं, तेव्हा माझी आई तिला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, गर्भाशयाच्या नळ्यांचा एक्स-रे झाला. त्या एक्स-रेनंतर ती रिक्षात पोट धरून बसली होती. बाईंनी माझीही तपासणी सांगितली होती. साधी, वीर्याची.

"अहो, तुमचं पण एकदा करून घेऊ या का?" तिने विचारलं.

"हो, करतो," मी म्हणालो. पुढच्या महिन्यात ट्रेनिंगसाठी खंडव्याला गेलो आणि परत आल्यावर सांगितलं, "तिथेच करून आलो. सगळं नॉर्मल आहे."

मी तपासणी केली नव्हती. ती मग म्हणाली, "चला, तुमच्यात काही नाही ते बरं झालं. म्हणजे माझ्यातच असंल."

मी खोटं का बोललो ते मला ठाऊक होतं. चौदाव्या वर्षी मला गालफुगी झाली होती. आईने गालांना लेप लावला. गाल उतरायला लागले आणि खाली दोन्ही वृषणं सुजली. पाय जवळ घेता येईना. मी चादर ओढून भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो आणि कुणालाच सांगितलं नाही. आठवड्याने सूज गेली. पुढे बी.एस्सी.ला असताना एका पुस्तकात वाचलं की वयात येताना झालेली गालफुगी वृषणांपर्यंत पोचली, तर शुक्राणू तयार करणाऱ्या बारीक नळ्या कधीकधी कायमच्या निकामी होतात. मी पान उलटलं. माझा आवाज फुटला होता, मिशी आली होती, लग्नानंतरही कशात उणं नव्हतं. यातलं काहीही शुक्राणूंचा पुरावा नाही, हे मला कळत होतं. पुरुषपणाचं हार्मोन बनवणाऱ्या पेशी वेगळ्या असतात, त्या वाचू शकतात. वीर्यातला बहुतेक द्रव तर प्रोस्टेट आणि शुक्राशयातून येतो. एवढं शिकलेला माणूस सात वर्षं आपलं खोटं सांभाळत बसला.

त्या सात वर्षांत तिने इंजेक्शनं घेतली, गोळ्यांनी अंगावर सूज आली, दुर्बिणीची तपासणी झाली. आईने तिला डोहाळजेवणांना न्यायचं बंद केलं. एकदा शेजारणीसमोर आई म्हणाली, "आमच्या पोराचं तर सगळं ठीक आहे." मी तिथेच खुर्चीत पेपर वाचत होतो.

शेवटी इंदूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की नवऱ्याची तपासणी त्यांच्याकडे झाल्याशिवाय ते पुढे जाणार नाहीत. तपासणीत एकही शुक्राणू नव्हता. त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं. "सर, बचपन में कभी गलसुआ हुआ था?" गलसुआ म्हणजे गालफुगी. मी होकारार्थी मान हलवली. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, असं ते म्हणाले. बाहेर येऊन मी तिला सांगितलं, "परत बोलावलंय." ते तीन महिनेही मी गप्प राहिलो. दुसरा रिपोर्ट तसाच आला, रक्तातली हार्मोन्सही तेच सांगत होती. लहानपणी ती सूज लपवली होती हे मी सांगितलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "उस वक़्त बता देते तो भी शायद कुछ न होता." तेवढ्यापुरतं मला हलकं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

घरी आल्यावर दुपारी मी तिला सगळं सांगितलं. ती धुतलेले कपडे घडी करत होती. तिने एकच विचारलं, "खंडव्याला काय झालं होतं?"

"काही नाही. मी गेलोच नव्हतो तपासायला."

तिने हातातली घडी पूर्ण केली. "मूल नाही हे मी सोसलं असतं हो," ती म्हणाली. "तुमच्यात दोष निघाला म्हणून मी कुठे गेले असते? पण माझ्या अंगात सुया जात होत्या आणि तुम्ही बघत होता."

दोन दिवसांनी ती जसोंडीला गेली. मी आईला सांगितलं तेव्हा आई आधी उठून दार लावून आली. "हळू बोल. बाहेर ऐकू जाईल."

पुढच्या रविवारी मी जसोंडीला गेलो आणि तिचे वडील, भाऊ, भावजय सगळ्यांसमोर बोललो, "दोष माझ्यात आहे. तिच्यात काही नव्हतं. मी खोटं बोललो." सासऱ्यांनी जमिनीकडे बघत विचारलं, "हे बोलायला इतके वर्षं लागले, जावईबापू?" ती आतल्या खोलीत होती. बाहेर आली नाही. मी तासभर बसलो आणि परत फिरलो.

महिन्याने तिचा भाऊ सामान न्यायला आला. कपडे, शिलाई मशीन. निघताना थोडा अडखळत म्हणाला, "ताईने तिच्या तपासण्यांची फाईल मागितलीय. पुढे कुठे दुसरं स्थळ आलं, तर दाखवायला."

मी फाईल काढून दिली. देण्यापूर्वी चाळली. सात वर्षांचे कागद होते, आणि प्रत्येक कागदावर ती निरोगी होती.