घंटेजवळची जागा

नोकरीतून सुटले तेव्हा सगळे म्हणाले, आता मस्त आराम कर. आराम कसला! सकाळी आठला लेक तिच्या चार वर्षांच्या मुलाला माझ्याकडे सोडते आणि संध्याकाळी सातला न्यायला येते. मधल्या वेळात मला बसलेलं कोणी पाहिलेलं नाही.

डिसेंबरात परळच्या मॉलमध्ये नाताळची आगगाडी आली. लालबागहून चालत दहा मिनिटं, माझ्या गुडघ्यांना पंचवीस. आत सगळीकडे कापसाचा बर्फ पसरलेला. गिरणी होती तेव्हाही इथे कापूसच उडायचा, फक्त त्याला कोणी बर्फ म्हणत नव्हतं. गाडीला चार उघडे डबे, आणि इंजिनामागच्या पहिल्या डब्यात खरीखुरी पितळी घंटा. तिच्याजवळ जो बसेल त्यानेच ती वाजवायची. शेजारच्या मुलीकडून हे कळल्यापासून नातवाने आठवडाभर माझं डोकं खाल्लं होतं. जेवताना घंटा, आंघोळ करताना घंटा.

रांग लांबलचक. एवढा मोठा मॉल, पण टेकायला एक बाकडं नाही. बसायला दिलं तर माणसं बसूनच राहतील, मग खरेदी कोण करणार? बांधणाऱ्याचा मनातल्या मनात उद्धार करत मी या पायावरून त्या पायावर भार देत उभी होते.

गाडी रांग अडवणाऱ्या दोरीला अगदी लागून थांबली आणि माझा हात आपोआप पर्समध्ये गेला. आम्ही कोकणातली माणसं. परळ डेपोत गावची एसटी लागली की दार उघडायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल पडला की जागा आपली, तिथे मग कोणी बसत नाही. लहानपणी मी नुसती काडी होते, म्हणून रुमाल कमी पडले की मलाच खिडकीतून आत ढकलायचे. दोन्ही हात पसरून मी अख्ख्या घरासाठी जागा धरायचे आणि सगळे बसले की कोणाच्या तरी ट्रंकेवर बसून गावाला जायचे.

तर मी घंटेजवळच्या सीटवर रुमाल टाकला.

"आता धावायचं नाही हं," मी नातवाला सांगितलं. "आपली जागा धरलीय."

दोरी सुटली. बाकीची पोरं सुसाट. हा शहाणा माझं बोट धरून सावकाश चालला. पोचलो तर घंटेजवळ एक चष्मेवाला मुलगा बसलेला, आणि टोकन घेणारी मुलगी माझा रुमाल दोन बोटांत धरून विचारत होती, "किसी का गिर गया क्या?"

"पडला नाही, टाकलाय मी! जागा धरली होती."

"आजी, इथे तसं नाही चालत हो." तीही बिचारी सकाळपासून उभीच असणार.

नातू शेवटच्या डब्यात बसला. रडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त वाकून वाकून पुढे घंटेकडे बघत राहिला. माझ्या शब्दावर विसंबून तो धावला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चल, परत बसू," मी म्हटलं. खरं तर घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. पुन्हा टोकन, पुन्हा तीच रांग. पोटऱ्यांचे दगड झाले, तोवर गर्दी बरीच ओसरली होती.

"आजी, रुमाल टाकणार?"

"नाही. या वेळी तू धाव."

तो धावला. मागे वळूनही पाहिलं नाही. घंटेजवळ बसला, डोक्यावरची टोपी काढली आणि शेजारच्या सीटवर ठेवली. एक छोटी तिथे बसायला आली, तर ओरडला, "इथे नाही! ही आजीची जागा आहे!"

"मोठ्यांना अलाउड नाही, बाळा," टोकनवाली म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. टोपी काही उचलली नाही, त्या छोटीला मागच्या डब्यात बसवलं.

आजवर किती जणांसाठी जागा धरल्या. माझ्यासाठी कोणी धरलेली ही पहिलीच, आणि तिच्यात मला बसता येत नव्हतं.

गाडी सुटली. घंटा वाजायला लागली. तो एकाच हाताने वाजवत होता. दुसरा हात टोपीवर घट्ट दाबलेला, तिथे कोणी बसू नये म्हणून. मी दोरीला धरून उभी होते.